गादीचे वारस

पुण्यात मी गादीवर बसलो तो १९९८ च्या जुलैत, एका मंगळवारी रात्री साडेअकराला. समारंभ साधा होता. दोघांच्या खोलीत सात जण, हीटरच्या कॉइलवर चहाचं पातेलं, बाहेर पाऊस, आणि फरशीवर अंथरलेली ती गादी. कापसाची, सहा बाय तीनची, मधोमध खड्डा पडलेली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोळीतली. आधीच्या वारसाने खोळीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ढेकूण नाहीत. उजव्या अंगाला गाठी आहेत, म्हणून डाव्या कुशीवर झोपायचं." मग खोळ उलटी करून त्याने शिलाईजवळची जागा दाखवली. तिथे बॉलपेनने ओळीत गावांची नावं लिहिली होती. जिंतूर ९१. साक्री ९२. पुन्हा साक्री ९३, म्हणजे या साक्रीकराने दोन वर्षं राज्य केलं होतं. करमाळा, पुसद, चाळीसगाव, मंठा. माझ्या हातात पेन आलं आणि मी मंठ्याच्या खाली लिहिलं, अंबाजोगाई ९८.

त्या खोलीशी माझा कागदोपत्री काडीचाही संबंध नव्हता. एम.एस्सी. संख्याशास्त्राला माझा प्रवेश झाला होता, फी भरली होती, ओळखपत्र होतं. पण वसतिगृहाची गुणवत्ता यादी लागली तेव्हा मी ती वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा वाचली आणि तिच्यात मी नव्हतो. दोष यादीचा नव्हता, माझ्या गुणांचा होता. रातराणीने पहाटे शिवाजीनगर स्टँडवर उतरलो तेव्हा खांद्यावर वळकटी होती आणि आईने दिलेल्या डब्यात दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या. दशम्या संपेपर्यंत सोय लावायची, एवढंच नियोजन होतं.

अशा मुलाला विद्यापीठाच्या वसतिगृहात एक पदवी आधीच ठरलेली असते. पॅरासाईट. हा शब्द कोणी काढला ठाऊक नाही, पण तो शिवी म्हणून कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. "हा माझा पॅरासाईट," असं लोक "हा माझा धाकटा भाऊ" म्हणावं तसं सांगत. ज्याच्या नावावर खोली तो होस्ट. वनस्पतिशास्त्राचा एक जण होता, त्याला सगळे झाडवाला म्हणत. त्याचा या शब्दावर शास्त्रीय आक्षेप होता. त्याचं म्हणणं, पॅरासाईट म्हणजे बांडगूळ, ते झाडाचा रस पितं. तुम्ही लोक ऑर्किडसारखे. फांदीवर बसता, पण अन्न आपलं आपण मिळवता. म्हणून एपिफाईट म्हणा. त्यावर संस्कृत विभागातले शास्त्री म्हणाले की दोन्ही शब्द टाकून द्या, आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे, परभृत. दुसऱ्याने पोसलेला. संस्कृतात तो कोकिळेला म्हणतात, कारण तिची पिल्लं कावळ्याच्या घरट्यात वाढतात. तेव्हापासून एप्रिलमध्ये परीक्षेच्या तोंडावर आवारातले कोकीळ ओरडायला लागले की कोणी तरी म्हणायचं, "चला, पॅरासाईट अभ्यासाला बसले."

आमचे होस्ट म्हणजे मास्तर. इतिहासात पीएच.डी. करत होते. आधी पाच वर्षं शाळेत शिकवून आलेले, म्हणून मास्तर. सातारकडचे. वयाने आमच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना अहो-जाहो करायचो. त्यांनी माझं नाव पहिल्या दिवशी विचारलं आणि पुढे दोन वर्षांत एकदाही वापरलं नाही. "ए अंबाजोगाई, बादली लावून ये." त्या मजल्यावर सगळ्यांचं तेच होतं. माणूस तालुक्याच्या नावाने ओळखला जाई. दोन जण एकाच तालुक्याचे निघाले तर थोरला आणि धाकटा. अजूनही मला कधी रस्त्यात कोणी "अरे चाळीसगाव!" म्हणून हाक मारताना ऐकू आलं की मी वळून बघतो.

विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे आणि पुण्यात असून ते पुण्यात नाही. शहर म्हणजे खाली, गणेशखिंड रस्त्याने गेलं की लागतं ते. "शहरात जातोय, काही आणायचं का?" असं आम्ही खेड्यातल्यासारखं विचारत असू. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी बंगला. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात बांधायला घेतलेला. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि साहेबाच्या बागेत आमच्यासारख्यांच्या बादल्या आल्या. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. मी शिकलो तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठ होतं, आणि आम्ही तेवढंही म्हणत नसू. नुसतं विद्यापीठ.

या इमारतीशी आमच्या मजल्याचं एक खास नातं होतं. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेगचा कमिशनर रँड याच बंगल्यातून घोडागाडीने निघाला होता. गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधू दबा धरून होते. गाडी ओळखल्यावर साथीदारांना कळवण्यासाठी त्यांचा इशारा ठरलेला होता, "गोंद्या आला रे!" हे सगळ्या महाराष्ट्राला शाळेपासून पाठ असतं. आमच्या मजल्याने त्या इशाऱ्याला नोकरी लावली होती. रात्री रेक्टर तपासणीला आले आणि जिन्याशी त्यांचा टॉर्च दिसला की तळमजल्यावरचा कोणी तरी गोड आवाजात ओरडायचा, "गोंद्या आला रेऽऽ!" पुढच्या अर्ध्या मिनिटात वळकट्या कॉटखाली, पॅरासाईट गच्चीत, संडासात, नाही तर जयकर ग्रंथालयाच्या दिशेने, आणि खोलीत दोनच सभ्य विद्यार्थी पुस्तकात डोकं घालून. आमचे रेक्टर सज्जन होते. त्यांना हा इशारा माहीत नसेल असं मला कधीच वाटलं नाही. एकदा जिना चढताना त्यांना स्वतःशीच हसताना मी गच्चीच्या पायरीवरून पाहिलं आहे. ते पायही जरा वाजवूनच टाकत.

पॅरासाईटगिरीचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले तर दुसऱ्या दिवशी मजल्याला कळायचे. सकाळी होस्टच्या आधी उठून वळकटी बांधायची. झाडू आपण मारायचा. खोलीचं भाडं देऊ केलं तर तो अपमान, पण चहापूड आणि साखर आणायची. होस्टचा पाहुणा आला तर खुर्ची सोडून बाहेर जायचं आणि दोन तास तरी परत यायचं नाही. होस्टच्या घरून आलेल्या लाडवांच्या डब्याला आपणहून हात लावायचा नाही. तो उघडून पुढे केला जातोच, फक्त वाट बघायची. आणि शेवटचा कायदा असा की होस्टच्या उपकारांची फेड होस्टकडे करायची नाही. पुढच्या वर्षी आपल्या नावावर खोली लागली की यादीत नाव नसलेला कोणी तरी शोधायचा आणि त्याला गादी द्यायची. मी एकदा मास्तरांना पगारातून, म्हणजे कमवा आणि शिका योजनेत सकाळी बागेत आळी करून मिळालेल्या पैशांतून, शर्टाचं कापड आणलं. त्यांनी ते परत करायला लावलं. दुकानदाराने परत घेतलं नाही. मग त्या कापडाची गादीला नवी खोळ शिवली. सहा बाय तीनला ते पुरलं नाही, म्हणून एक बाजू शर्टाची आणि एक बाजू जुन्या पट्ट्यांची. नावांचा तुकडा तसाच ठेवला.

त्या नावांबद्दल मी मास्तरांना विचारलं होतं. गावंच का, माणसांची नावं का नाहीत? ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जिंतूरवाल्याने सुरू केलं. गादीला आडनाव नको म्हणाला."

मला तेव्हा अर्धंच कळलं. उरलेलं हळूहळू कळत गेलं. मास्तरांचे वडील साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात वाढले होते. १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. मास्तर अभिमानाने सांगत, "माझ्या बापानं तिथं भाकरी थापल्या." कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी करून दिली, कारण तेव्हा पोरं शाळेपर्यंत आणायची तर तोच रस्ता होता. त्याच्या पुढची पायरी भाऊरावांनी टाकली. आणि पुण्याची जुनी रीत कोणती? वार लावून जेवण्याची. गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरं लावायचा. ज्याचे पाचच वार लागले तो दोन दिवस पाणी पिऊन झोपायचा. शहराने कितीतरी पोरं अशी शिकवली, हे खरंच मोठं काम. पण वार लागायचा तो जात विचारून. जेवणाऱ्याने सोवळ्याओवळ्याची परीक्षा आधी द्यायची, मग मॅट्रिकची. मास्तरांची मांडणी अशी की आपण पॅरासाईट म्हणजे वार लावणाऱ्यांचेच वंशज, फक्त आपला वार वर्षाचा आणि आपल्या गादीला आडनाव नाही.

मास्तरांचं हे म्हणणं आमच्या खोलीपुरतं खरं होतं. सगळ्या मजल्याचं तसं होतं असं मी म्हणणार नाही. "आपला माणूस आहे" या वाक्यातला 'आपला' बऱ्याच खोल्यांत आडनावावरून ठरायचा. कोणी बोलायचं नाही, पण कुठल्या खोलीत कुठला पॅरासाईट गेला ते बघितलं की कळायचं. जिल्ह्याचा आधार घेऊन तेच केलं जायचं. मी स्वतः किती धुतल्या तांदळाचा होतो ते पुढे येईलच.

कोजागिरीचं सांगतो, कारण त्यात माझ्या विषयाचा एकमेव व्यावहारिक उपयोग झाला. आमच्या मजल्यावर २४ खोल्या, म्हणजे कागदावर ४८ जण. आदल्या वर्षी माणशी पाव लिटर धरून बारा लिटर दूध आणलं होतं आणि ते निम्म्या लोकांनंतर संपलं होतं. यंदा मास्तर म्हणाले, "आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ आहे, त्याला आकडा काढू दे." दारोदार जाऊन "तुमच्याकडे किती पॅरासाईट?" असं विचारलं तर कोणी खरं सांगणार नव्हतं. तळ्यातले मासे मोजायची एक रीत असते. काही मासे पकडायचे, खूण करायची, सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात खुणेचे किती येतात ते बघायचं. मी एका रात्री जेवणाच्या वेळी दाराबाहेर सापडलेल्या ५२ जोड्यांच्या टाचेला व्हाइटनरचा ठिपका दिला. चार दिवसांनी वेगळ्या वेळी ४० जोड्या तपासल्या. त्यांतल्या २६ वर ठिपका होता. ५२ गुणिले ४० भागिले २६. उत्तर आलं ८०. कागदावर ४८, प्रत्यक्षात ८०.

मी तो कागद मोठ्या अभिमानाने मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, माझी पाठ थोपटली, आणि कॉइलवर धरून जाळून टाकला. म्हणाले, "शास्त्र उत्तम आहे. पण हा पुरावा आहे."

वीस लिटर दूध आणलं. गच्चीवर तीन विटांवर मोठं पातेलं चढलं, केशर परवडत नव्हतं म्हणून मसाल्यात हळदीची चिमूट टाकली, दुधात चंद्र बघून झाला, ललित कला केंद्रातल्या एकाने मालकंस लावला, त्यावर भेंड्यांवाल्यांनी त्याला शांत बसवलं, आणि वीस लिटर दूध परत निम्म्यावर संपलं. बाकीच्या मजल्यांनाही वास गेला होता. माझ्या मास्यांनी तळं बदललं होतं, तर त्याला सूत्र काय करणार?

परंपरा म्हणून पुण्याबाहेरच्यांना सांगण्यासारख्या मोठ्या गोष्टी दुसऱ्या आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरं नदीच्या पात्रात रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, भरवतात. ऑगस्टात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची धांदल, १९६३ पासून चाललेली. भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" सुरू झालं की आमच्यासारखे कुठल्याच कॉलेजाचे नसलेले दोन्हीकडून ओरडायचे. गणपतीत रात्रभर चालून मानाचे पाच बघायचे आणि पहाटे पाय ओढत खिंडीकडे परतायचं. नवरात्रात चतुःशृंगीची जत्रा तर हाकेच्या अंतरावर, तिथल्या आकाशपाळण्यातून आमची गच्ची दिसते असं साक्रीकडचा एक जण शपथेवर सांगायचा. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, तेव्हा तो रमणबागेत व्हायचा, मागच्या बाजूला भारतीय बैठकीत शाल पांघरून. या सगळ्यांत मजा होती. पण त्या गोष्टी शहराच्या होत्या, आम्ही त्यांतले प्रेक्षक. आमची स्वतःची म्हणावी अशी परंपरा रविवार संध्याकाळची. पुण्यात रविवारी संध्याकाळी खानावळी बंद. दुपारी फीस्ट, म्हणजे पुरी-श्रीखंड नाही तर गुलाबजाम, आणि रात्री उपास. सहाच्या सुमाराला मजल्यावर एक विचित्र शांतता पसरायची. कोणी पाव आणायचं, कोणी कांदा, कोणी घरून आलेलं तिखट; फारच लक्ष्मी प्रसन्न असली तर खडकी बाजारातल्या गाडीवरची भुर्जी. वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळं एकत्र. त्या कागदावर होस्ट कोण आणि पॅरासाईट कोण हे ओळखता आलं नसतं. घरची आठवणही नेमकी तेव्हाच यायची. अंबाजोगाईला त्या वेळी आई दिवा लावत असेल, आणि विचारत असेल, "पोरगं जेवलं असंल का?"

मुलींच्या वसतिगृहातही हे होतं. माझी बायको तिथली. नगरची. तिचा पॅरासाईट म्हणून राहण्याचा अनुभव चार महिन्यांचा, आणि तो सांगताना ती हसत नाही. रात्रीची वेळ ठरलेली, ये-जा वहीत लिहायची, पाहुणीची नोंद वेगळी. गच्चीत पळून जाण्याची सोय नव्हती आणि रात्री ग्रंथालयाकडे निघूनही जाता येत नव्हतं. एकदा तपासणी चालू असताना ती पाऊण तास कॉटखाली ट्रंकेच्या मागे पडून होती आणि कॉटवर बसलेली मैत्रीण मोठमोठ्याने अर्थशास्त्र वाचत होती. "तुमची ती गंमत आणि आमची ती कसरत," असं ती म्हणते. मी हे असले किस्से पाहुण्यांसमोर रंगवायला लागलो की ती चहा ठेवायला उठते.

दुसऱ्या वर्षी माझं नाव यादीत लागलं. मास्तरांचा जोडीदार गेला होता, त्यांनी मला स्वतःच्याच खोलीत मागून घेतलं. गादीवर आला पालम ९९. परभणी जिल्ह्यातला, रसायनशास्त्राचा, अंगाने काडी आणि भूक हत्तीची. आला त्याच आठवड्यात माउलींची पालखी पुण्यात मुक्कामाला होती. पालमचे आजोबा, अप्पा, दिंडीबरोबर चालत आले होते. नातवाला भेटायचं म्हणून भवानी पेठेतून विचारत-विचारत पी.एम.टी.ने विद्यापीठात पोचले. धोतर, बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पताका. ती पताका खोलीच्या दारात मावेना, म्हणून तिरपी करून आत घेतली. अप्पांनी सगळ्या मजल्याला वाकून नमस्कार केला, म्हणजे पोरांना माउली म्हणून पाया पडायला लागले. आम्हीच पाय मागे घेत होतो. मास्तरांनी त्यांना कॉट देऊ केली, ते नको म्हणाले. गादी देऊ केली, तीही नको. स्वतःचं घोंगडं फरशीवर टाकलं. रात्री साडेदहापर्यंत खोलीत बारा-तेरा जण बसून हरिपाठ म्हणत होते. त्यांतल्या निम्म्यांना तो येत नव्हता, आणि दोघे तर घोर नास्तिक होते. त्या गजरात खालची आरोळी कोणालाच ऐकू गेली नाही.

रेक्टर थेट दारात. सगळे गप्प. त्यांनी अप्पांना हात जोडले आणि मास्तरांना विचारलं, "हे कोण?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "म्या पाव्हणा हाव सायेब, येका रातीचा. आन् ह्यो माजा नातू. त्यो बी पाव्हणाच हाय. त्यो वर्साचा हाय."

मला वाटतं, त्या खोलीत तेवढी शांतता पुन्हा कधी झाली नसेल. पालम भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होता. रेक्टरांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, एका रात्रीच्या पाहुण्याचं शुल्क लिहिलं, पैसे घेतले आणि पावती अप्पांच्या हातात दिली. मग नातवाकडे बघत म्हणाले, "वर्षाच्या पाहुण्याची पावती माझ्याकडे नसते." आणि टॉर्च बंद करून गेले. याचा अर्थ काय घ्यायचा यावर आम्ही रात्रभर खल केला. शेवटी खबरदारी म्हणून पालमने आठवडाभर झाडवाल्याकडे मुक्काम हलवला. अप्पांनी ती पावती घडी करून हरिपाठाच्या पुस्तकात ठेवली. पंढरीला जाऊन आल्यावर गावात दाखवली म्हणे, नातू एवढ्या मोठ्या ठिकाणी शिकतो की तिथं झोपायचीही पावती मिळते.

आता माझं. मे २००० मध्ये अभ्यासक्रम संपला. मास्तरांचा प्रबंध सादर झाला होता, ते आधीच गेले होते. पालमला आता स्वतःची खोली मिळणार होती आणि गादी रिकामी होणार होती. त्याच सुमारास मामांचं पत्र आलं. त्यांच्या मुलाला पुण्यात प्रवेश मिळालाय, सोय बघ. मामेभाऊ, आमच्याच गावचा, आमच्याच जातीचा. मी पालमला सहज सांगावं तसं सांगितलं, "पुढच्या वर्षी गादीवर माझा भाऊ येईल." तो कपडे वाळत घालत होता. वळला नाही. म्हणाला, "गादी आता माझ्याकडं हाय ना? मग मी बघतो."

"अरे, पण यादीत त्याचंही नाव नाहीये."

"त्याला तू हायेस की. ज्याला कोणीच नाही तो बघतो."

मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. मी त्याला ठेवून घेतलं, आणि तो मला नियम शिकवतो! तिसऱ्या दिवशी वळकटी बांधताना खोळीचा तो तुकडा समोर आला आणि मी काय करत होतो ते मला दिसलं. दिसलं, पण पटायला वेळ लागला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मामेभावाची सोय मी खडकीत कॉट बेसिसवर लावली, पहिल्या महिन्याचे पैसे भरले. मामा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. अंबाजोगाईत आईला ऐकवून गेले, "पुण्याला गेला की माणूस आपल्यांना विसरतो." गादीवर बसला तो सातपुड्यातून आलेला एक मुलगा, त्याला मी कधी भेटलो नाही. पालमने पोस्टकार्डावर कळवलं, अक्कलकुवा २०००. आणि खाली एक ओळ, कापूस पार गोळा झाला होता, औंधला पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली, आता दोन्ही कुशींवर झोपता येतं.

फर्ग्युसनच्या वसतिगृहात सावरकर राहत होते ती खोली अजून जपून ठेवली आहे. १९०५ मध्ये परदेशी कपड्यांची होळी केली म्हणून त्यांना दंड झाला आणि त्याच वसतिगृहातून काढण्यात आलं. पुण्याची ही रीत मला आवडते, आधी काढायचं, मग खोली जपायची. आमची नोंद मात्र ना रजिस्टरात ना पाटीवर. त्या कापडाच्या तुकड्यावर होती, आणि तो तुकडा पुढे कोणाच्या हाती गेला हे मी शोधलं नाही. २००३ पर्यंतची गावं मला ऐकून ठाऊक आहेत.

गेल्या फेब्रुवारीत एका तोंडी परीक्षेसाठी विद्यापीठात जायचं होतं. अतिथिगृहात खोली मिळाली. स्वच्छ, गरम पाणी, दोन उशा. रात्री झोप येईना म्हणून शाल घेऊन बाहेर पडलो. झाडं तीच, वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या आहेत. ग्रंथालयाकडून मुलं घोळक्याने परत येत होती, स्पर्धा परीक्षांबद्दल बोलत. पाय आपोआप वसतिगृहाकडे वळले. फाटकावर सुरक्षारक्षकाने ओळखपत्र बघितलं, वहीत नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "माजी विद्यार्थी का? बघून या सर, पण लवकर या." आता कॅमेरे आहेत. भिंतींना रंग आहे. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, त्या तशाच.

मी जिन्याशी आलो. टक्कल, चष्मा, काखेत परीक्षेच्या कागदांची फाईल, आणि अंधार होता म्हणून हातात मोबाइलचा टॉर्च. वरच्या कठड्यावरून एका मुलाने वाकून बघितलं. क्षणभर आमची नजरानजर झाली. मी हात वर करून काही बोलणार, तेवढ्यात तो मागे झाला आणि मजल्यावरून गोड, लांब आवाज आला.

"गोंद्या आला रेऽऽ!"

धाडधाड दारं लागली. दोन खोल्यांतले दिवे गेले. कोणी तरी अनवाणी गच्चीकडे पळालं. मी पहिल्याच पायरीवर उभा राहिलो, टॉर्च बंद केला. डावीकडच्या खोलीतून कॉटखाली गादी ओढल्याचा आवाज आला.